सरासरी वाढली, माणसे बदलली

नांदेडची कापड गिरणी बंद पडल्याने शहराचे काही अडले नाही, उलट भलेच झाले, असे मत आता सर्रास मांडले जाते. त्याला आधार म्हणून तीन गोष्टी पुढे केल्या जातात: लोकसंख्या वाढली, जागेला सोन्याचा भाव आला आणि घरटी उत्पन्न वाढले. लातूरबद्दलही हाच सूर लावला जातो. जुन्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास शिकवणी वर्ग उभे राहिले आणि कारखानदारीने कधी खेळवला नव्हता इतका पैसा त्या भागात खेळू लागला, असा दाखला दिला जातो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. जागेची भरभराट आणि त्या जागेवर राबलेल्या माणसांची भरभराट या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि पहिलीचे आकडे दाखवून दुसरी सिद्ध होत नाही.

नांदेडला गिरणी निघण्याची कारणे उघड होती. गोदावरीचे पाणी होते, भोवतालच्या काळ्या जमिनीत कापूस पिकत होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज रेल्वेमार्ग गावातून गेला होता. हैदराबाद, गुलबर्गा आणि औरंगाबाद येथे त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गिरण्या सुरू झाल्या होत्या. नांदेडची गिरणी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात उभी राहिली आणि त्यांच्याच नावाने उस्मानशाही मिल म्हणून ओळखली गेली. हैदराबाद संस्थानाने १९२९ साली उद्योगांसाठी जो इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला, त्याचे भांडवलही या गिरणीत गुंतले. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, गिरणी चालूच राहिली. आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ साली झाला तेव्हा ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नांदेड टेक्सटाइल मिल झाली. पुढे, नवे शतक उजाडण्याच्या सुमारास, महामंडळाने आपल्या एकूण ११९ गिरण्यांपैकी बहुतेकांना टाळे लावण्याचे धोरण घेतले. नांदेडची गिरणीही त्यातून सुटली नाही. कामगारांच्या हाती स्वेच्छानिवृत्तीचे धनादेश पडले. या शब्दातली स्वेच्छा कितपत खरी होती, हे ज्याच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवला नव्हता त्या कामगाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

गिरणीचे काम सुखाचे नव्हते. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत वर्षानुवर्षे काढल्यावर छाती धरते, दम लागतो; कातण खात्यातल्या माणसांना हा आजार नेमका ठाऊक असतो. बदली कामगाराला सकाळी दारात उभे राहून आज पाळी मिळेल की नाही याची वाट पाहावी लागे. तरीही त्या कामाला ठराविक तारखेला पगार होता. पगार ठरलेला असल्यामुळे किराणा दुकानात खाते चालत असे, दूधवाला महिनाभर थांबत असे, मुलीच्या लग्नासाठी पतपेढी कर्ज देत असे. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) कार्डावर घरातल्या सगळ्यांना औषध मिळत असे. भविष्यनिर्वाह निधी कापला जाई, ग्रॅच्युइटी साचत जाई. अशिक्षित किंवा चार इयत्ता शिकलेल्या माणसाला, ज्याच्याकडे जमीन नाही आणि भांडवलही नाही अशाला, हे सगळे एकाच नोकरीत देणारे दुसरे काम मराठवाड्यात त्या काळी फारसे नव्हते. आजही नाही. म्हणून ‘वाईट काम गेले, बरे झाले’ हा युक्तिवाद तेव्हाच ग्राह्य धरता येईल, जेव्हा त्याच माणसाला त्याहून बरे काम मिळाल्याचे दाखवले जाईल. ते कोणी दाखवलेले नाही.

आता लोकसंख्येचा मुद्दा. १९९१च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या घरात होती, २००१ साली ती सव्वाचार लाखांपुढे गेली आणि २०११ साली साडेपाच लाखांवर पोचली. आकडे ठसठशीत दिसतात. पण १९९७ साली नांदेड-वाघाळा महानगरपालिका स्थापन झाली आणि शहराची हद्दच बदलली. पूर्वी शहराबाहेर मोजली जाणारी माणसे एका अधिसूचनेने शहरात आली. १९९१ ते २००१ या दशकातली वाढ सांगताना हद्दवाढीचा हिस्सा वेगळा काढला नाही, तर ती वाढ शहराच्या आकर्षणाची म्हणून दाखवणे ही दिशाभूल ठरते. शिवाय खेड्यातून शहरात येणारा प्रत्येक जण शहर श्रीमंत आहे म्हणून येत नाही. कोरडवाहू शेती परवडेनाशी झाली, विहिरी आटल्या, की माणूस जवळचे शहर गाठतो. लातूर शहर १९९१ साली दोन लाखांच्या आत होते आणि २०११ साली पावणेचार लाखांपलीकडे गेले. त्या वीस वर्षांत ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप आहे आणि वारंवार पडलेले दुष्काळही आहेत. याच शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. केवळ गर्दी वाढली म्हणून शहराची प्रकृती सुधारली असे म्हणता येत नाही.

उत्पन्नाचा मुद्दा याहून नाजूक आहे आणि फसगत खरी तिथेच होते. एखाद्या गल्लीत शंभर घरे आहेत आणि प्रत्येक घराचे मासिक उत्पन्न दहा हजार रुपये आहे असे धरावे. त्यातली चाळीस घरे सोडून गेली आणि त्यांच्या जागी तीस हजार कमावणारी चाळीस कुटुंबे आली. गल्लीची सरासरी दहा हजारांवरून अठरा हजारांवर जाते, म्हणजे ऐंशी टक्के वाढ. राहिलेल्या साठ घरांपैकी एकाच्याही उत्पन्नात एक रुपयाची भर पडलेली नाही आणि गेलेल्या चाळीस घरांचे काय झाले याचा पत्ता या आकड्याला नाही. आता असे धरावे की राहिलेल्या साठ घरांचे उत्पन्न घटून आठ हजारांवर आले. तरीही गल्लीची सरासरी सोळा हजार आठशे येते आणि अहवालात ‘अडुसष्ट टक्के वाढ’ अशीच नोंद होते. हे उदाहरण मानलेले आहे, पण त्यातले गणित कोणत्याही गिरणी वस्तीला लागू पडते. वस्तीची सरासरी वाढली हे विधान ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: पूर्वीची माणसे आणि आताची माणसे तीच आहेत का?

या प्रश्नाचे उत्तर सरकारी तक्त्यांत शोधू गेल्यास एक विलक्षण अडचण येते. तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. जनगणना उत्पन्न विचारतच नाही. ती विचारते काम. १९९१ पर्यंत कामगारांची नऊ गटांत विभागणी होत असे आणि घरगुती उद्योग सोडून इतर कारखानदारीत काम करणारे त्यात वेगळे दिसत. २००१ पासून वॉर्डपातळीवरच्या प्राथमिक गोषवाऱ्यात चारच गट राहिले: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले कामगार आणि ‘इतर’. शहरातल्या वॉर्डात जवळपास सगळेच ‘इतर’ असतात. म्हणजे १९९१ साली कारखान्याच्या रकान्यात असलेला विणकाम खात्यातला माणूस, त्याच वस्तीत नंतर फळांची गाडी लावणारा त्याचा मुलगा आणि शेजारी नवा दवाखाना काढणारा डॉक्टर हे तिघेही २००१ नंतर मिळून ‘इतर कामगार’. ज्या दशकात मराठवाड्यातल्या गिरण्या मोडल्या, त्याच दशकात ते मोडणे वॉर्डाच्या तक्त्यात दिसेनासे झाले. यात कोणाचा हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण जे तक्ते हा बदल टिपूच शकत नाहीत, त्यांचा आधार घेऊन ‘कामगारांची संख्या तर घटली नाही’ असे सांगणे हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे.

लातूरच्या बाबतीत गुंता वेगळा आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांतून लातूर पॅटर्नचे नाव झाले आणि त्या नावावर खासगी शिकवण्यांचा व्यवसाय फोफावला. उद्योग भवन आणि जुन्या औद्योगिक वसाहतीचा परिसर आज सगळ्या जिल्ह्याला ‘ट्यूशन एरिया’ म्हणूनच माहीत आहे. तिथे सकाळी सहाला पाठीवर सॅक घेतलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे लोंढे निघतात, दुपारी मेसच्या डब्यांच्या पिशव्या सायकलींना आणि स्कूटरला लटकलेल्या दिसतात, संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. नांदेडमध्ये श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर या भागांत हेच चित्र आहे. या मुलांची संख्या मोठी आहे, वय एकाच पट्ट्यातले आहे आणि त्यांचा मुक्काम दोन-तीन वर्षांचा आहे. निकाल लागला की ती जातात आणि तितकीच नवी येतात. अशा वस्तीची वयोरचना एखाद्या स्थिर मोहल्ल्यासारखी वाचणे चूक आहे. ‘वस्ती तरुण झाली’ हे खरे, पण ती तिथल्या घरांत मुले वाढली म्हणून तरुण झालेली नाही.

या मुलांच्या खर्चाचेही तसेच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रूढ व्याख्येनुसार वसतिगृहात किंवा मेसमध्ये राहणारा प्रत्येक जण एकट्याचे स्वतंत्र कुटुंब धरला जातो. हिंगोली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकर गहाण टाकून मुलीला लातूरला ठेवले, तर तिची खोली, डबा, पुस्तके यांचा खर्च लातूरच्या त्या वस्तीत दिसतो आणि तिथला दरडोई खर्च वाढवतो. त्या पैशाची कमाई लातूरची नाही. तिकडे बापाच्या डोक्यावर झालेले कर्ज दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यावर राहते. खर्चाच्या आकड्यावरून वस्तीची समृद्धी ठरवणारे लोक मराठवाड्यातल्या गरीब तालुक्यांतून लातूर-नांदेडकडे वाहत असलेला पैसा लातूर-नांदेडची निर्मिती म्हणून मोजत आहेत. शिकवण्यांमुळे या शहरांत रोजगार निर्माण झाला हे कबूल करायलाच हवे. घरमालक, मेसवाल्या बायका, रिक्षावाले, पुस्तकविक्रेते यांचे संसार त्यावर चालतात. पण मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाईला पगाराची पावती नाही, ईएसआय नाही, निधी नाही. मे महिन्यात मुले गावी गेली की तिचे काम थांबते. गिरणीच्या नोकरीशी तुलना करायची तर ती या बाईच्या कामाशी करावी लागेल. शिकवणी वर्गाच्या मालकाशी ती करून चालणार नाही.

जागेचा भाव वाढला याचा लाभ कोणाला, हे ठरवायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. ज्याच्या नावावर सातबारा किंवा मालमत्तापत्रक आहे त्याला. गिरणी कामगारांपैकी ज्यांनी उमेदीच्या काळात प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या, त्यांच्या मुलांनी वर मजला चढवून खोल्या भाड्याने दिल्या आणि ते तरले. ज्यांनी भाड्याच्या खोलीत आयुष्य काढले, त्यांच्यासाठी तोच भाव वस्तीतून बाहेर पडण्याची नोटीस ठरला. एकाच खात्यात, एकाच पाळीत, सारख्याच पगारावर काम केलेल्या दोन माणसांच्या म्हातारपणात आज जो फरक दिसतो, तो कष्टाचा किंवा हुशारीचा नाही. एकाच्या नावावर जागा होती आणि दुसऱ्याच्या नव्हती, एवढाच आहे. मुंबईच्या गिरणगावात हा प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी ठेवला होता. २००१ साली दुरुस्ती करून तो वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. २००५ साली महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटी रुपयांना गेल्या. आज लोअर परळचे सरासरी उत्पन्न काढले तर ते गिरण्यांच्या काळापेक्षा कितीतरी पट भरेल. त्यावरून साचेवाल्याचे भले झाले असे म्हणण्याचे धाडस मुंबईत कोणी करत नाही. नांदेडबद्दल तेच सहज बोलले जाते, कारण नांदेडच्या कामगाराला मुंबईच्या कामगाराइतका आवाज नाही.

त्या कामगाराचे आजचे उत्पन्न पाहायचे असेल तर त्याचे पेन्शनचे पासबुक उघडावे. कर्मचारी पेन्शन योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाली. गिरणी त्यानंतर थोड्याच वर्षांत बंद पडल्यामुळे या योजनेतली त्याची सेवा तुटपुंजी भरली. पगार लहान, सेवा लहान, म्हणून पेन्शन शेकड्यांत. सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारने या योजनेत किमान पेन्शन दरमहा एक हजार रुपये केले आणि त्यानंतर अकरा वर्षे उलटली तरी आकडा तोच होता. एवढ्या रकमेसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्राने झिजलेल्या बोटांचे ठसे पुष्कळदा पहिल्या फेरीत उमटत नाहीत. एक हजार रुपयांत लातूरच्या ट्यूशन एरियात एका विद्यार्थ्याचा महिन्याचा डबाही येत नाही. वस्तीचे उत्पन्न वाढल्याचा हिशोब मांडणाऱ्यांनी या दोन रकमा शेजारी ठेवून पाहाव्यात.

यावर असा प्रतिप्रश्न येतो की शहरात विद्यापीठ आले, रस्ते झाले, दवाखाने वाढले, हे तर नाकारता येत नाही ना? नाकारण्याचे कारण नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त आणि जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून शहरात शेकडो कोटी रुपयांची कामे झाली. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणाऱ्या यात्रेकरूंवर हॉटेले आणि वाहतूक व्यवसाय पोसला जातो. पण यातली एकही गोष्ट गिरणी बंद पडल्यामुळे झाली नाही. गिरणी चालू असती तरी विद्यापीठ आले असते, गुरुद्वाऱ्याची त्रिशताब्दी झाली असती आणि रस्तेही रुंद झाले असते. एकाच काळात घडलेल्या दोन गोष्टींना कारण आणि परिणाम म्हणून जोडणे ही तर्काची उघड चूक आहे. शिवाय शहराची वाढ सरकारी खर्चावर आणि श्रद्धाळूंच्या येण्यावर झाली असेल, तर ‘बाजाराने आपोआप मार्ग काढला’ हा दावाही टिकत नाही.

कोळसा खाणींच्या गावांतला अनुभव याहून निराळा नाही. महाराष्ट्रातली जुनी वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली. खाणीसाठी आलेला रेल्वेमार्ग राहिला, गाव राहिले, आणि १९४९ साली बाबा आमट्यांनी उभारलेल्या आनंदवनामुळे ते जगाला ठाऊक झाले. आज वरोऱ्याचे नाव घेताना खाण कोणाला आठवत नाही, आणि खाणीत उतरणाऱ्या मजुरांच्या घरांचे काय झाले हे तर त्याहून नाही. गाव टिकल्याचा पुरावा हा खाणमजूर टिकल्याचा पुरावा म्हणून चालत नाही. ब्रिटनमध्ये निदान हा प्रश्न विचारला गेला. १९८४-८५च्या संपानंतर तिथल्या खाणी झपाट्याने बंद झाल्या. काही वर्षांनी जुन्या खाणपट्ट्यातली नोंदलेली बेकारी ओसरल्यासारखी दिसू लागली, तेव्हा क्रिस्टिना बेटी आणि स्टीव्ह फॉदरगिल या संशोधकांनी दाखवून दिले की कामावरून निघालेले पुष्कळ पुरुष बेकारांच्या यादीतून अपंगत्वभत्त्याच्या यादीत सरकले होते. बेकारी संपली नव्हती, तिचा रकाना बदलला होता. भारतात तसा भत्ताच नसल्याने बेकार कामगार कोणत्याच यादीत उरत नाही. तो पानपट्टी टाकतो, वॉचमन होतो, मोंढ्यात हमाली करतो किंवा मुलाबरोबर पुण्याला जातो, आणि प्रत्येक वेळी तक्त्यात ‘काम करणारा’ म्हणूनच गणला जातो.

राहिला शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप: गिरणी कामगारांच्या पुढच्या पिढीने प्रगती केली, त्यांच्यातून शिक्षक, अभियंते, डॉक्टर झाले. झाले, आणि त्याचा अभिमान बाळगावा असेच ते यश आहे. परंतु ज्यांनी मुलांना दहावी-बारावीपलीकडे शिकवले, त्यांनी ते गिरणीच्या नियमित पगारावर शिकवले. ही प्रगती गिरणी असण्याचे फळ आहे. ती गिरणी जाण्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. जी मुले गिरणी बंद पडली तेव्हा सहावी-सातवीत होती, त्यांचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. यशस्वी झालेली मुले गावात सत्काराला येतात म्हणून ती दिसतात. शाळा सोडून गॅरेजवर किंवा बांधकामावर गेलेली मुले सत्काराला येत नाहीत, म्हणून ती मोजली जात नाहीत.

हा हिशोब नीट मांडणे अशक्य नाही. महामंडळाकडे हजेरीपट आणि स्वेच्छानिवृत्तीच्या याद्या असतात, भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडे खाती असतात. नांदेडला विद्यापीठ आहे, लातूरला जुनी महाविद्यालये आहेत, त्यांत अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे विभाग आहेत. यादीतल्या प्रत्येक घराचा माग काढून ते कुठे गेले, काय कमावते, मुले किती शिकली, घर स्वतःचे की भाड्याचे, एवढे चार प्रश्न विचारले तरी ‘भले झाले’ या दाव्याचा निकाल लागेल. २०२१ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ साली व्हायची आहे. जनगणनेत मागील वास्तव्याचे ठिकाण आणि सध्याच्या ठिकाणी किती वर्षे मुक्काम आहे, हे प्रश्न विचारण्याची पद्धत जुनीच आहे. त्यांची उत्तरे वॉर्डपातळीवर कामाच्या तपशिलासह प्रसिद्ध करावीत, अशी मागणी नांदेड आणि लातूरच्या महानगरपालिकांनी आणि तिथल्या लोकप्रतिनिधींनी आताच केली पाहिजे. गिरणीच्या शेवटच्या हजेरीपटावरची बरीच माणसे आज सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत, आणि त्यांच्याकडून विचारून घेण्यासारखे जे आहे ते विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत.